बाईंनी भरलेला माझा दंड

त्या पावसाळ्यात मत्स्यबीज वाटपाच्या दिवशी आमच्या संघाचा संगणक अडून बसला, तो माझ्यामुळे. बाईंच्या हातून काहीही बिघडलं नव्हतं. एवढी दोन वाक्यं मी त्याच दिवशी सगळ्यांसमोर बोलायला हवी होती. ती बोलायला मला तीन वर्षं लागली, आणि मधल्या काळात त्या चुकीपायी मी पोटभर जेवलोसुद्धा. खरोखर जेवलो. रस्सा दोनदा मागून घेतला.

आमचा संघ म्हणजे तलावात मासेमारी करणाऱ्या गावोगावच्या सोसायट्यांनी मिळून केलेला. कुरखेड्याच्या बाजूला, जंगलातून येणाऱ्या रस्त्यावर, रेशन दुकानाच्या शेजारी दोन खोल्यांचं कार्यालय. मी तिथे लिपिक होतो. दोन हजार साल उलटून पाच-सहा वर्षं झाली असतील, तेव्हा पुण्याचा एक इंजिनीअर आमच्या भागात तलावांचा अभ्यास करायला आला आणि जाताना आम्हाला एक वापरलेला संगणक देऊन गेला. त्यावर लिनक्स होतं, आणि त्यानं स्वतः पायथन या भाषेत लिहिलेला एक छोटा प्रोग्राम. कोणत्या सोसायटीकडे कोणता तलाव, कोणती बोडी (लहान तळ्याला आमच्याकडे बोडी म्हणतात), तिचं पाणी किती, रस्ता किती लांब, हे सगळं त्यात भरलेलं. वाटपाच्या दिवशी बटण दाबलं की प्रत्येक सोसायटीची चिठ्ठी छापून निघायची: बोडीचं नाव, पिशव्या किती, पाळी कितवी.

ही सगळी माहिती भरली होती बाईंनी. बाई आमच्याच भागातल्या, मासेमारी करणाऱ्या घरातल्या. नवरा सोसायटीचा सभासद. त्या बारावी झालेल्या, तालुक्याला सायकलनं जाऊन संगणकाचा कोर्स केलेल्या. एका हंगामापुरतं म्हणून संघानं त्यांना ऑपरेटर घेतलं आणि त्यांनी दोन महिन्यांत सगळ्या बोड्यांची यादी भरून टाकली. इंजिनीअर निघाला तेव्हा त्याच्याकडून त्यांनी एक जाडजूड पुस्तक मागून घेतलं होतं. दुपारी डबा खाऊन झाला की त्या पुस्तकात बघून त्या दोन-चार ओळी लिहायच्या आणि चालवून पाहायच्या. एकदा त्यांनी सगळ्या बोड्यांची नावं उलटी छापून दाखवली आणि आम्ही ती वाचून एक तासभर हसत बसलो होतो.

मला त्यांचा हेवा वाटायचा. आज लिहायला सोपं आहे. तेव्हा मी त्याला हेवा म्हणत नव्हतो; मी म्हणायचो की कार्यालयात कोणीतरी जबाबदार माणसानं लक्ष ठेवायला हवं. संगणकाचा मुख्य पासवर्ड इंजिनीअरनं माझ्याकडे दिला होता, बाईंना नव्हता दिला. त्या पासवर्डाचा मला फार अभिमान होता. वापर मात्र शून्य.

मग चंद्रपूरहून येताना मी स्टँडवर संगणकाचं एक मासिक घेतलं. सोबत सीडी होती. त्यात लिहिलं होतं की पायथन २.५ आलं आहे आणि ते जुन्यापेक्षा खूप चांगलं आहे. आमच्याकडे २.३ होतं. झालं. आमच्या गाडीचं मॉडेल जुनं असल्याचं कोणीतरी चारचौघांत सांगावं, तसं मला वाटलं.

वाटप सोमवारी होतं. रविवारी मी एकटा कार्यालयात गेलो, चप्पल बाहेर काढली (संगणकाच्या खोलीत आम्ही चप्पल घालून जात नसू), आणि सीडीवरून नवीन पायथन उतरवलं. अर्धा दिवस गेला. नंतर काळ्या पडद्यावर python असं लिहून पाहिलं, तर उघडलं जुनंच. २.३. मी मासिक पुन्हा वाचलं. तेव्हा कळलं की python हे नुसतं नाव असतं, ते नाव कोणत्या आवृत्तीकडे बोट दाखवील ते आपण बदलू शकतो.

हे मला खऱ्या अर्थानं समजलं ते फार पुढे, बाई चंद्रपूरचा कोर्स करून आल्यावर. त्यांनीच समजावलं. म्हणाल्या, "भाऊ, गावात 'कोतवालाले बलाव' म्हटलं का त्या वक्ती जो कोतवाल असन तो येते. नाव तेच राह्यते, माणूस बदलते. तुमी रविवारी नवा कोतवाल आणून बसवला. तो हुशार होता, पण त्याले आपल्या बोड्या कुठी माहीत होत्या?"

तसंच झालं होतं. बोड्यांची माहिती वाचणारा जो जोडभाग होता तो इंजिनीअरनं जुन्या पायथनसाठी बसवलेला. नव्या पायथनला त्याचा पत्ताच नव्हता. संगणकात नवीन सॉफ्टवेअर उतरवण्याची सोयसुद्धा जुन्या पायथनवरच चालायची, तीही मी त्या दिवशी बंद पाडली होती, पण ती आम्ही वर्षातून एकदा वापरायचो म्हणून कोणाला कळलं नाही. मी फक्त एवढं पाहिलं की मुख्य पासवर्ड टाकून, जुना दुवा पुसून, नवा जोडल्यावर पडद्यावर २.५ हा आकडा उमटला. मी खूश होऊन समोरच्या टपरीवर आलूबोंडा खाल्ला. चिठ्ठ्यांचा प्रोग्राम एकदा चालवून पाहावा, हे डोक्यात आलं नाही. चिठ्ठ्या हे बाईंचं काम होतं.

सोमवारी सकाळी गाडी आली. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो: रोहू, कतला, मिरगलीची बोटभरसुद्धा नसलेली पिल्लं पाणी आणि ऑक्सिजन भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांत येतात. पिशवी फुगलेली, आत नुसती चुळबुळ. ऊन चढायच्या आत ती बोडीत सोडावी लागतात. उशीर झाला की पिशवीतलं पाणी तापतं आणि पिल्लं उलटी होऊ लागतात. म्हणून चिठ्ठ्या भराभर निघणं महत्त्वाचं. अंगणात सायकली, बैलबंड्या, दोन टेम्पो आणि शंभरेक माणसं.

बाईंनी बटण दाबलं. पडद्यावर इंग्रजीत तीन ओळी आल्या आणि काहीच छापलं गेलं नाही. त्यांनी पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. खिडकीतून पाहणाऱ्या एकानं मागच्यांना सांगितलं की बाई घाबरल्या, आणि मागून कोणीतरी म्हणालं, "मशीन बी उपाशी हाये वाटते, तिले चहा पाजा."

त्या तीन ओळींतली शेवटची मी वाचली: अमुक मॉड्यूल सापडत नाही. मला पाच मिनिटांत कळलं. दुरुस्ती एका ओळीची होती. पण ती करायला त्या गर्दीसमोर खुर्चीवर बसून मुख्य पासवर्ड टाकावा लागला असता, आणि अध्यक्ष माझ्या खांद्यामागे उभे होते. ते विचारणार: काय झालं होतं? मी उभाच राहिलो. खिशातला रुमाल काढला, पुन्हा आत ठेवला.

आमचे अध्यक्ष म्हातारे होते, चौथी शिकलेले, पण प्रत्येक तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, अनवाणी चाललेले. त्यांनी पाच मिनिटं वाट पाहिली आणि बैलबंडीवर चढले. डोळे मिटले आणि नदीकडून चालत निघाल्यासारखे एकेका बोडीचं नाव घेऊ लागले. लांबची पहिले, जवळची मागून. ते बोलत होते, बाई कागदावर लिहीत होत्या, आणि पोरं पिशव्या उचलून देत होती. ऊन चढायच्या आत अंगण रिकामं झालं. खरं सांगायचं तर प्रोग्रामपेक्षा लवकर. पुढे कितीतरी दिवस लोक अध्यक्षांना विचारत, भाऊ, तुमचं बटण कोणत्या बाजूनं हाये?

एक बोडी मात्र राहिली. आदल्याच वर्षी एका नव्या सोसायटीला मिळालेली, म्हणून अध्यक्षांच्या जुन्या वाटेवर ती नव्हती. ती बाईंच्याच गावची होती. त्यांचा नवरा दुपारपर्यंत सायकल धरून अंगणात उभा होता, कारण बायकोचं काम चालू असताना मधे बोलणं त्याला बरं दिसत नव्हतं. पिशव्या संपल्या तेव्हा तो म्हणाला, "आमची?" आणि बाईंनी हातातला कागद वरपासून खालपर्यंत वाचला.

त्यांच्या बोडीला बीज आठ दिवसांनी दुसऱ्या खेपेत मिळालं. नुकसान तसं झालं नाही. पण घरचीच बोडी विसरली, ही गोष्ट गावाला पुरली.

त्या दुपारी पुण्याला फोन लावला. फोनवर आधी बाई बोलल्या, त्यांनी पडद्यावरची अक्षरं एक-एक वाचून दाखवली. मग इंजिनीअरनं मला मागितलं. त्यानं पहिलाच प्रश्न विचारला: पायथन कोणी बदललं का? बाई शेजारी उभ्या होत्या. मी म्हणालो, "नाही जी, कोण बदलणार?"

सगळे गेल्यावर मी दुवा पुन्हा २.३ कडे वळवला. चिठ्ठ्या सरसर छापून निघाल्या. आवाज ऐकून अध्यक्ष आत आले आणि चालू झाली का म्हणाले. मी म्हणालो, झाली, आपोआप. आता तुम्हीच सांगा, मशीन आपोआप चालू होते, म्हणजे मशीन चांगली आहे. मग बिघाड कुठे होता? कोणी बाईंना रागावून बोललं नाही. पण सगळ्यांनी तोच हिशेब केला, आणि सगळ्यांत आधी तो बाईंनी स्वतःच केला. दोन-तीनदा त्यांनी मला विचारलं की शनिवारी माह्याकडून काई दाबलं तर नसन गेलं? मी म्हणालो, होऊ शकते बाई, होते असं कधीकधी.

आमच्या सोसायट्यांत एक रीत आहे. कोणाच्या निष्काळजीपणानं सामाईक जाळं फाटलं, तर त्याच्याकडून भरपाई घेत नाहीत. त्यानं पाळीवर सगळ्यांना एक जेवण द्यायचं आणि वाढण्याआधी उभं राहून म्हणायचं, माझ्या हातून झालं. जेवून हात धुतले की ती गोष्ट संपली. नंतर कोणी त्यावरून टोमणा मारला तर पुढचं जेवण त्याच्याकडे. बाईंना कोणी दंड लावला नव्हता. त्यांनी आपल्या मनानं ठरवलं की हेही सामाईक जाळंच आहे.

पोळ्याच्या आधीच्या एका रविवारी त्यांच्या गावच्या पाळीवर, मोहाच्या झाडाखाली, आम्ही साठ-सत्तर माणसं बसलो. भात, मासोळ्यांचा रस्सा, जवसाची चटणी. बाई उभ्या राहिल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "माह्या हातून झालं." बस्स एवढंच. मी तिसऱ्या पंगतीत पत्रावळीसमोर बसलेला होतो. उठता आलं असतं. मी भात कालवला. रस्सा इतका चांगला झाला होता की मी पुन्हा मागितला, आणि वाढायला बाईच आल्या. अध्यक्ष माझ्याकडे पाहून म्हणाले की दंड बाईचा आन् घाम या भाऊले फुटून राह्यला, मिरची जास्त झाली का? सगळे हसले. मीही हसलो.

जेवणानं बाकीच्यांची गोष्ट संपली. रीत अशी पक्की की त्यांच्या सासूनंही नंतर कधी अक्षर काढलं नाही. बाईंची संपली नाही. त्यांनी अध्यक्षांना सांगितलं की मले ते मशीनचं काम नको, आवक-जावक द्या. त्यांना टपालाचं रजिस्टर आणि शिक्के दिले, आणि संगणकाच्या खुर्चीवर मी बसलो. जाड पुस्तक त्यांनी कपाटात ठेवून दिलं.

त्या तीन वर्षांत आमचं कार्यालय काही दुःखी नव्हतं. बाई गमत्या होत्या, शिक्का मारता मारता येणाऱ्या-जाणाऱ्याच्या फिरक्या घ्यायच्या. मी प्रोग्राममध्ये अडलो की मला वाटायचं विचारावं, पण त्या लांबूनच म्हणायच्या, "मी नाई येत जी. माह्या हाताले गुण नाई. मी हात लावला का बिघडते." हे त्या हसत म्हणायच्या. हळूहळू ते सगळ्यालाच लागू झालं. कार्यालयात फॅक्स आला, त्याला त्या हात लावत नसत. नवऱ्यानं मोबाइल घेऊन दिला तर नंबर लावायला दुसऱ्याला सांगत. लोकांना ती गंमत वाटे. मला प्रत्येक वेळी तो रस्सा आठवे.

मग नवीन संगणक घ्यायचं ठरलं आणि चंद्रपूरला तीन महिन्यांच्या कोर्ससाठी एक माणूस पाठवायचं पत्र आलं. राहण्याची सोय होती. माझं वय बसत नव्हतं, हे एक बरं झालं. अध्यक्षांनी बाईंचं नाव सुचवलं. बाईंनी नाही म्हटलं. त्यांचा नकार लेखी पाठवायचा होता आणि लिहिणार मी, कारण पत्रं मीच लिहीत असे. मी कागद ओढला आणि विचारलं, कारण काय लिहू? त्या म्हणाल्या, "लिहा ना, माह्या हातानं बिघडते म्हणून."

मी 'माझ्या हातून' एवढं लिहिलं आणि पेन थांबलं. ही जागा गेली असती तर पुन्हा आली नसती. आमच्याकडे अशी पत्रं रोज येत नाहीत. आणि ती घालवणारं वाक्य मी माझ्या सुवाच्य अक्षरात लिहीत होतो.

मी पेनाचं टोपण लावलं आणि सगळं सांगितलं. रविवार, सीडी, २.५, पुण्याचा फोन, आपोआप. बाई शिक्के मारत होत्या, त्या मारत राहिल्या. गठ्ठा संपल्यावर त्यांनी विचारलं, "म्हणजे मी त्या दिवशी काई दाबलं नाई?"

"नाई."

"शनिवारी बी नाई?"

"नाई बाई. तुमचा काईच संबंध नव्हता."

त्या हसल्या. मला वाटलं सुटलो. मग त्यांचा चेहरा बदलला. "तीन वर्षं झाले मी घरचा मिक्सर लावत नाई जी," त्या म्हणाल्या. "सासू लावते. सत्तरीची बाई. मी तिले आवाज देतो का आत्या, जरा चटणी फिरवून द्या."

मी मान खाली घालून म्हटलं की मला माफ करा. त्यांनी शिक्का पॅडवर आपटला.

"हे मले एकटीले काऊन सांगून राह्यले? मी का एकटीच होती तिथी? जेवले तेवढे सारे बसतीन तवा बोला. आन् नुसती 'चूक झाली' म्हणू नका भाऊ. चूक काई पाऊस नाई आपोआप व्हाले. कोणाच्या हातून झाली ते म्हणा."

पत्राचं काय करू, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, ते तसंच ठेवा. तुम्ही बोलल्यावर मी पाहीन काय लिहायचं ते.

आमसभा पंधरा दिवसांवर होती. ते पंधरा दिवस मी कसे काढले ते लिहीत नाही. बायको म्हणाली की तुम्हाला कावीळ झाली आहे, रक्त तपासा. सभेच्या दिवशी शाळेच्या पटांगणात मंडप होता. बाई पुढून दुसऱ्या ओळीत नवऱ्याशेजारी बसल्या होत्या. अहवाल झाला, ठराव झाले, आणि अध्यक्षांनी आयत्या वेळचे विषय विचारले. मी उठलो. माइक घेतला नाही. मागच्या लोकांना ऐकू जाईना म्हणून त्यांनी 'मोठ्यानं, मोठ्यानं' केलं, तेव्हा अगदी सुरुवातीपासून पुन्हा सांगावं लागलं. म्हणजे माझी चूक मी दोनदा कबूल केली.

नव्या-जुन्या पायथनचं कोणाला किती कळलं, देव जाणे. पण पासवर्ड फक्त माझ्याकडे होता, आदल्या दिवशी मी एकटा आत गेलो होतो आणि फोनवर खोटं बोललो, हे सगळ्यांना कळलं. अध्यक्षांनी चष्मा काढला.

"मग तुमी जेवले काऊन, भाऊ?"

"रस्सा चांगला होता जी," मी म्हणालो. ते खरंच होतं आणि दुसरं काही सुचलं नाही. लोक हसले. बाईंचा नवराही हसला. बाई हसल्या नाहीत, त्या माझ्याकडे पाहत होत्या. त्यांनी सांगितलेलं वाक्य अजून आलेलं नव्हतं.

हसणं थांबेपर्यंत मी थांबलो. मग त्यांच्याकडे वळलो आणि हात जोडले.

"बाईहिच्या हातून त्या दिवशी काईच झालं नव्हतं. माह्या हातून झालं. मशीन मी बिघडवली, खोटं मी बोललो, आन् दंड त्याहिनं भरला. बाई, तुमच्या हातात काई खोट नाई. मले माफ करा."